आधी अंदाज, मग उत्तर

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा संपादक मंडळाचा निरोप आला. शाळेच्या स्थापनेचा इतिहास, वसतिगृहाच्या पहिल्या पत्र्याच्या खोल्या, बुद्धवंदनेने सुरू होणारी सकाळ आणि रविवारचे धम्मवर्ग यांविषयी अधिकाराने लिहिणारे आपल्यात पुष्कळ आहेत. मी इतिहासाची शिक्षिका असल्यामुळे माझ्याकडूनही तशाच लेखाची अपेक्षा असेल. परंतु मला लिहायचे आहे ते पाचवी-सहावीच्या वर्गातील एका साध्या सवयीविषयी. गुणाकार मांडण्यापूर्वी त्याच्या उत्तराचा अंदाज बांधणे, ही ती सवय.

इतिहासाच्या शिक्षिकेने गणितात का पडावे, असे कोणी विचारील. निवासी शाळेत विषयांच्या भिंती फार उंच नसतात. संध्याकाळच्या अभ्यासिकेवर ज्याची पाळी असेल त्याच्यापुढे मुले आपापल्या वह्या घेऊन येतात. बाई इतिहासाच्या आहेत की मराठीच्या, हे त्यांच्या दृष्टीने गौण असते. या वह्या पाहता पाहताच मला या विषयाची गोडी लागली आणि पुढे त्याचे मोलही कळत गेले.

उदाहरणाने सुरुवात करते. ४८ गुणिले २३. मुलगा ४८ ला ३ ने गुणून १४४ लिहितो. मग ४८ ला २ ने गुणून ९६ लिहितो. पण हे ९६ दशक आहेत हे विसरून ते एककाखाली मांडतो. बेरीज करतो आणि उत्तर लिहितो २४०. त्याचे पाढे बरोबर असतात, बेरीजही बरोबर असते. म्हणूनच त्याला उत्तराविषयी जराही शंका येत नाही. आता याच मुलाने लेखणी उचलण्यापूर्वी स्वतःला एवढेच विचारले असते, की ४८ म्हणजे जवळजवळ ५० आणि २३ म्हणजे जवळजवळ २०. मग उत्तर कितीच्या घरात यावे? पाच दुणे दहा, त्यावर दोन शून्ये. म्हणजे हजाराच्या आसपास. हजाराची वाट पाहणाऱ्या मुलाला २४० हे उत्तर खटकल्याशिवाय राहत नाही. तो परत वर जातो, दशकाची जागा पाहतो आणि ११०४ पर्यंत पोहोचतो. त्याची चूक मी दाखवून देण्याची गरज उरत नाही, ती त्याची त्यालाच सापडते.

अंदाजाच्या दोन रीती मी मुलांना देते. पहिली वर सांगितली ती, जवळच्या दशकाची किंवा शतकाची. दुसरी मर्यादांची. दोन्ही संख्या खाली उतरवा आणि गुणा, ४० गुणिले २० म्हणजे ८००. दोन्ही वर चढवा आणि गुणा, ५० गुणिले ३० म्हणजे १५००. खरे उत्तर या दोन भिंतींच्या आतच असले पाहिजे. पहिल्या रीतीने उत्तराच्या जवळ जाता येते. दुसरीने मात्र उत्तर कोठे असूच शकत नाही, हे खात्रीने सांगता येते. व्यवहारात मला दुसरीच अधिक उपयोगी वाटत आली आहे. तिचे कारण पुढे येईलच.

नियम पाठ करून मात्र अंदाज येत नाही. एककस्थानी पाच आला की वरच्या दशकाकडे जायचे, हा नियम मुले झटकन उचलतात. मग ३५ गुणिले ४५ चा अंदाज ४० गुणिले ५० असा काढून २००० सांगतात. प्रत्यक्ष उत्तर १५७५ आहे. दोन्ही संख्या वर चढवल्यामुळे अंदाज चारशेपेक्षा अधिकने फुगला. एका वर्षी वर्गातीलच एका मुलाने सुचवले, की एक वर नेऊ आणि एक खाली आणू. चाळीस गुणिले चाळीस म्हणजे १६००, अवघा पंचविसाचा फरक. नियमाला थोडी मुरड घालण्याचे धैर्य त्याने दाखवले आणि एकीकडे जे वाढले ते दुसरीकडे घटले. त्या दिवशी वर्गाला कळले, की अंदाजातही विचार करावा लागतो.

तरीही मुले अंदाज बांधायला तयार नसतात. माझ्या अनुभवातली ही सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट आहे. ‘आधी अंदाज लिहा, मग उत्तर काढा’ असे सांगितले, की निम्मा वर्ग वहीच्या मागच्या पानावर चोरून पूर्ण गुणाकार करतो, ११०४ काढतो आणि मग अंदाजाच्या रकान्यात साळसूदपणे ११०० लिहितो. दिसायला अंदाज, पण तो उत्तरानंतर जन्मलेला. असे का होते? मुलांना हजार हा आकडा चुकीचा वाटतो. ११०४ बरोबर असेल तर १००० चूकच असणार, आणि चूक म्हणजे लाल रेघ, चारचौघांत हसे, कदाचित छडी. ज्या मुलांच्या आधीच्या पिढ्यांना शाळेच्या दाराबाहेर बसवले गेले, ज्यांच्या आई-वडिलांना ‘तुम्हाला काय जमणार’ हे वाक्य पावलोपावली ऐकावे लागले, त्यांच्या घरात चुकीची भीती अधिक खोल असते. अचूक उत्तराच्या आड लपणे ही त्या मुलांची ढाल असते.

म्हणून मी अंदाजाच्या वेळी लेखण्या खाली ठेवायला लावते. अंदाज तोंडी सांगायचा आणि त्याबरोबर कारणही सांगायचे. एक जण हजार म्हणेल, दुसरा बाराशे म्हणेल. दोघांनी आपण कसे पोहोचलो ते सांगितले की दोघेही बरोबर. एकाच प्रश्नाची दोन बरोबर उत्तरे असू शकतात, हे मुलांना प्रथम पटत नाही. पटले की मागच्या बाकावरचे हात वर येऊ लागतात. पाढे कच्चे असलेली मुलेही यात बोलू लागतात, कारण पाच दुणे दहा त्यांनाही येते.

आपल्या भाषेला या गोष्टीची उत्तम जाण आहे. अंदाज, अदमास, अटकळ, ठोकताळा, सुमार असे कितीतरी शब्द आपण वापरतो आणि प्रत्येकाची छटा वेगळी. अटकळ निराधारही असू शकते. ठोकताळ्याला अनुभवाचा आधार असतो. आपल्या स्वयंपाकघरातील मावशींकडे तो आहे. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. परंतु पंगतीला किती मुले आहेत एवढे सांगितले, की परातीत किती पीठ घ्यायचे हे त्यांना कळते. मी एकदा सहावीच्या मुलांना वही घेऊन कोठीत नेले. मुले २१२, प्रत्येकी ४ पोळ्या. मुलांनी दोनशे चोक आठशे असा अंदाज बांधला; उत्तर आले ८४८. मावशी म्हणाल्या, ‘किलोला तीसेक होतात. अठ्ठावीस किलो भिजवते, कमी पडायचं नाही.’ अठ्ठावीस गुणिले तीस म्हणजे ८४०. त्यावर मावशींनीच खुलासा केला, की धाकटी पोरे चार खात नाहीत. फळ्यावरच्या गणितात नसलेली ही माहिती त्यांच्या अंदाजात आधीच मिसळलेली होती. जुन्या मापांच्या काळात दोन चिपटी म्हणजे मापटे, दोन मापटी म्हणजे शेर आणि चार शेर म्हणजे पायली, असा सारा गुणाकारच घरोघरच्या बायकांच्या हातात होता. त्याला कोणी गणित म्हटले नाही, एवढेच.

इथे माझ्यातली इतिहासाची विद्यार्थिनी जागी होते. आपल्या पूर्वजांच्या जगण्यात अंदाज नव्हता असे नाही. परंतु तो बहुधा दुसऱ्याचा असे. वतनदार महाराला गावकीच्या कामाबद्दल मिळणारे बलुते खळ्यावर मिळे. परंपरेने त्याचा वाटा ठरलेला असला, तरी प्रत्यक्ष माप देणाऱ्याच्या हातात असे. किती दिले हे देणाऱ्याने ठरवायचे आणि घेणाऱ्याने ओटी पसरायची. पुरेसे आहे का, ठरल्याप्रमाणे आहे का, हे विचारण्याची सोय त्या व्यवस्थेत नव्हती.

ज्यांच्याकडे जमीन होती, त्या शेतकऱ्यांचीही गत फार निराळी नव्हती. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. इतिहासात ‘दख्खनचे दंगे’ म्हणून नोंदलेल्या या उठावाचे एक वैशिष्ट्य असे, की लोकांचा मुख्य रोख कर्जरोखे आणि हिशोबाच्या वह्या यांच्यावर होता; ते कागद हस्तगत करून जाळण्यात आले. ज्या कागदावर आपला अंगठा आहे पण ज्यातला आकडा आपल्याला तपासता येत नाही, त्याला जाळण्यावाचून त्यांच्याजवळ दुसरा इलाज नव्हता. पुढे १८७९ साली सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. न्यायालयाने नुसत्या रोख्यावर न विसंबता मूळ व्यवहार तपासावा आणि सावकाराने ऋणकोला पावती व हिशोबाचा उतारा द्यावा, अशा तरतुदी त्यात होत्या. तरतुदी चांगल्याच होत्या; परंतु पावती हातात आली तरी ती वाचणार कोण आणि पडताळणार कोण? जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शाळेत शिकवण्याच्या विषयांमध्ये मोडी व बालबोध वाचन-लेखनासोबत हिशोबाचाही समावेश केला होता. हिशोब येणे म्हणजे काय, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

हा काळ संपला असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी आपल्याच शाळेतील एक प्रसंग सांगते. कोणाचे नाव घेत नाही आणि आकडेही बदलून सांगते. घडले ते मात्र असेच. आपल्या वसतिगृहातील कितीतरी मुलांचे आई-वडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. निघताना मुकादमाकडून उचल घ्यायची आणि हंगामभर तोडून ती फेडायची. सहावीतील एका मुलीचे वडील हंगाम संपवून तिला सुट्टीसाठी न्यायला आले. खिशात मुकादमाने दिलेला हिशोबाचा कागद होता. तोडलेला ऊस १८७ टन, दर टनाला ३२४ रुपये, मजुरी ५०,५८८ रुपये. उचल ६०,००० रुपये. म्हणजे हंगामभर राबूनही अंगावर ९,४१२ रुपये बाकी. वडील बाकावर बसून तो कागद पुनःपुन्हा उलगडत होते. मुलीने तो पाहिला. वही काढली नाही, लेखणी घेतली नाही. म्हणाली, ‘बाई, एकशे ऐंशी आणि तीनशेच धरले तरी अठरा त्रिक चोपन्न. चोपन्न हजारांच्या खाली हे येतंच कसं?’

तिने दोन्ही संख्या खाली उतरवल्या होत्या. खरे उत्तर त्या भिंतीच्या वरच असायला हवे होते आणि कागदावरचा आकडा तिच्या खाली पडला होता. मग आम्ही तिघांनी बसून गुणाकार केला. १८७ गुणिले ३०० म्हणजे ५६,१००. १८७ गुणिले २४ म्हणजे ४,४८८. दोन्ही मिळून ६०,५८८. बेरजेत सहा आणि चार दहा होतात, त्यातला हातचा एक राहून गेला होता. त्या एका हातच्याची किंमत दहा हजार रुपये. उचल वजा जाता अंगावर बाकी नव्हतीच, उलट ५८८ रुपये येणे निघत होते. वडील दुसऱ्या दिवशी कागद घेऊन मुकादमाकडे गेले. मुकादमाने हिशोब पुन्हा केला आणि आकडा दुरुस्त करून दिला. ती चूक होती की लबाडी, हे मला सांगता येणार नाही. परंतु ९,४१२ रुपयांची बाकी अंगावर घेऊन तो माणूस पुढच्या हंगामाला बांधला गेला असता, आणि तो बांधला गेला नाही, एवढे मी पाहिले आहे.

पाचशे अठ्ठ्याऐंशी रुपये ही काही मोठी रक्कम नव्हे. पण त्या बापाने मुलीकडे ज्या नजरेने पाहिले, ती पाहिल्यावर मला या लेखाचा विषय शोधावा लागला नाही.

अंदाजाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ४८ गुणिले २३ चे उत्तर कोणी ११०४ ऐवजी १०१४ लिहिले, तर हजाराचा अंदाज ती चूक पकडणार नाही. शेवटचा अंक पाहिला, आठ त्रिक चोवीस म्हणून शेवटी चार हवा, तरी १०१४ सुटूनच जाईल. तिथे पूर्ण गुणाकाराला पर्याय नाही. उत्तर बरोबर आहे याची हमी अंदाज देत नाही. ‘थांब, पुन्हा पाहा’ एवढेच तो सांगतो. आपण ज्याला कालामसुत्त म्हणतो, त्यात तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना हीच सावधगिरी शिकवली. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, सांगणारा आदरणीय आहे म्हणून काही स्वीकारू नका. इतकेच नव्हे, तर केवळ तर्काला पटते म्हणूनही स्वीकारू नका, स्वतः पडताळून पाहा. कागदावर छापलेला आकडा, मोठ्या माणसाने उच्चारलेला आकडा आणि आपल्याच लेखणीतून उतरलेला आकडा, तिघांनाही हा नियम सारखाच लागू आहे.

सातवीला अशोकाचा पाठ शिकवताना मी मुलांना त्याच्या तेराव्या शिलालेखाची आठवण देते. राज्याभिषेकानंतर आठव्या वर्षी जिंकलेल्या कलिंगाविषयी सम्राट त्यात सांगतो, की दीड लाख माणसे तेथून नेण्यात आली, एक लाख मारली गेली आणि त्याच्या कितीतरी पट मरण पावली. हे मोजून घेतलेले आकडे नव्हेत, हे उघड आहे. ‘कितीतरी पट’ हा तर दगडात कोरलेला गुणाकाराचा अंदाजच. परंतु आपण केले ते केवढे मोठे होते, हे कळायला त्याला नेमका आकडा लागला नाही. नेमकी संख्या ठाऊक नाही म्हणून त्याने अनर्थाचा आकार लपवला नाही. मोठ्या गोष्टीचा आकार प्रामाणिकपणे सांगता येणे, हेही अंदाजाचेच शिक्षण आहे. उद्या आपल्या मुलांनी पाणीटंचाईच्या, पैसेवारीच्या, शिष्यवृत्तीच्या बातम्या वाचल्या, तर त्यातील आकडा त्यांना कितीच्या घरातला वाटतो, हे त्यांना स्वतःला विचारता आले पाहिजे. पैसेवारी पन्नास पैशांच्या वर की खाली, यावर गावाचे वर्ष अवलंबून असते आणि तिचीही सुरुवात नजरअंदाजानेच होते.

बाबासाहेबांची तसबीर आपल्या प्रत्येक वर्गात आहे. तिच्याकडे पाहताना आपल्याला संविधान आठवते, आणि ते योग्यच आहे. पण १९२३ साली ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ लिहिणारे अर्थशास्त्रज्ञ तेच होते. रुपयाचे मोल कशावर ठरावे, हा प्रश्न त्यांनी लंडनमध्ये बसून सोडवायला घेतला, आणि पुढच्याच वर्षी मुंबईला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. १९२५ साली सभेने सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. आपली शाळा त्याच वाटेवरची आहे. ज्या समाजाच्या नेत्याने रुपयाचा हिशोब साम्राज्याला विचारला, त्या समाजातील मुलांनी दुकानदाराला, मुकादमाला किंवा बँकेच्या खिडकीला हिशोब विचारताना कचरू नये.

शेवटी पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे आणि त्यात गणकयंत्र आहे. त्याचा वापर जरूर करा. मात्र बोटे चालवण्यापूर्वी घरातल्या मुलाला विचारा, ‘साधारण किती होतील?’ खताच्या गोणी घेताना, बसचे तिकीट काढताना, किराण्याच्या यादीची रक्कम चुकती करताना विचारा. मूल जो आकडा सांगेल त्याला हसू नका. तो कसा काढला ते विचारा. तुम्हाला पाढे येत नसतील तरी काही बिघडत नाही, विचारणे तुम्हाला येतेच. दुसऱ्याने मापून ओटीत टाकलेले मुकाट्याने घेण्याचे दिवस आपल्या आजी-आजोबांनी सोसले. आपल्या मुलांनी आधी आपला अंदाज बांधावा, मग समोरच्याचा आकडा पाहावा, आणि दोहोंत अंतर पडले तर नम्रपणे पण ठामपणे म्हणावे, पुन्हा मोजा.

नमो बुद्धाय. जय भीम.